खाली न ठेवलेली खोकी

दत्त चौकात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलेल्या देवीलालला स्वतःचाच चेहरा वर टांगलेला दिसला आणि क्षणभर त्याला वाटलं, आपण मेलो. यवतमाळात साध्या माणसाचा फोटो एवढा मोठा होतो तो वाढदिवसाला, नाहीतर तेरवीला. आणि वाढदिवस तर त्याचा त्यालाच ठाऊक नव्हता. मग त्याला शेजारचं दुसरं तोंड दिसलं. कोवळं, फौजी टोपीतलं, डोळे जरा जास्तच मोठे. पूनमसिंगचा एकुलता एक फोटो इतका पुसला होता की फ्लेक्सवाल्याने त्यात आपल्या मनाने डोळे भरले होते. देवीलाल रस्त्याच्या कडेला थांबला आणि वाचू लागला. त्याचं वाचणं म्हणजे ओठ हलवत, एकेक अक्षर चाचपत जाणं. अंधारात पायाने दगड चाचपतात तसं. हुतात्मा पूनमसिंग यांच्या स्मारकाचं रविवारी अनावरण होतं, इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं होतं की माघारीच्या वेळी जखमी पूनमसिंगला सात कोस पाठीवर वाहून नेणाऱ्या वीर साथीदाराच्या हस्ते. 'पाठीवर' या शब्दाशी तो अडला. पुन्हा मागून आला, पुन्हा तिथेच अडला. त्याखाली, लाल अक्षरांत, हुतात्म्याचे अखेरचे शब्द: मी परतलो नाही तरी चालेल, पण देशाची मान खाली जाऊ देऊ नका. हे शब्द देवीलालने आयुष्यात शेकडो वेळा कानांनी ऐकले होते. डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहिले. कानातून आलेलं दुसऱ्या कानातून जातं म्हणून इतकी वर्षं निभावलं. हे तर समोर उभं होतं, माणसाएवढं, आणि हलत नव्हतं.

औषधांच्या दुकानातल्या नौशादने गोळ्यांची पाकिटं पुढे केली आणि हसून म्हणाला, ''काय बाबा, अकरा वर्सं झाले गोळ्या देऊन राह्यलो तुमाले, अन् कधी बोलले नाही. सात कोस पाठीवर! अन् इथं तीन पायऱ्या चढता तं पोराले हाक मारता.'' दुकानातले दोघेतिघे हसले, प्रेमाने हसले. एकाने वाकून पाया पडायला हात पुढे केला तेव्हा देवीलालने पाय मागे घेतला, इतक्या झटक्यात की तो माणूस खजील झाला. म्हातारा लाजला, असं सगळ्यांना वाटलं. खरंच लाजला होता. फक्त त्यांना वाटली ती लाज ही नव्हती.

घराकडे वळायचं ते पाय बसस्थानकाकडे वळले. पुसदची गाडी उभी होती. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला खिडकीजवळची जागा कुणीही देतं, त्याला मिळाली. गाडी दारव्ह्याच्या रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरीवर पिवळं आलेलं, आणि देवीलालच्या मनात एवढी एकच गोष्ट होती की रविवारच्या आत सुखीला सांगायचं. सुखीबाई म्हणजे पूनमसिंगची धाकटी बहीण. भाऊ गेला तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. आता नातवंडांची आजी. दर राखीला ती त्याच्या मनगटाला राखी बांधत आली. त्याचा स्वतःचा तांडा दिग्रसकडचा, पण बायको गेल्यावर, मुलगा यवतमाळला नोकरीत अडकल्यावर, त्याला माहेर म्हणावं असं उरलं होतं ते सुखीचं घर. आणि ते घर एका वाक्यावर उभं होतं. ते वाक्य काढून घेतलं तर खाली काय उरेल, याचा विचार तो दारव्ह्यापर्यंत करत राहिला आणि दारव्हा आल्यावर त्याला लक्षात आलं की आपण सुखीचा विचार करत नसून आपल्या राखीचा करतो आहोत.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्याआधी तो सुट्टीवर आला होता. तार आधीच येऊन गेली होती, पूनमच्या तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तो जाताच बायका नव्याने गळ्यात गळा घालून, शब्दाला शब्द जोडून रडायला बसल्या. पूनमची याडी, म्हणजे आई, मात्र रडत नव्हती. तिने त्याला समोर बसवलं, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंत वाट पाहून विचारलं, तो एकटा होता का रे? एवढंच. किती गोळ्या लागल्या, कुठे लागल्या, पैसे किती मिळतील, यातलं काहीच नाही. देवीलालने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, नाही याडी, माझ्या पाठीवर होता. वाटेत हे वाक्य त्याने जुळवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते आतून तयारच निघालं, गरम, खरं असल्यासारखं. त्या बाईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. पुढे कैक वर्षं तो स्वतःला सांगत आला की तिच्यासाठी बोललो. पण बोलताना तिच्या आधी आपल्याच छातीतलं सैल झालं होतं, हे त्याला त्या दिवशीही कळलं होतं.

एक वाक्य बोललं की त्याला हातपाय लागतात. पाठीवर होता, तर किती वेळ? मग गेला कुठे? गेल्यावर काय केलंस? मग गोष्टीत देवीलालने दगड रचून माती दिली. पूनमने याडीची आठवण काढली. मग शाळेत सव्वीस जानेवारीला बोलावणं यायला लागलं, आणि तिथल्या एका गुरुजींनी म्हटलं की शेवटी देशाबद्दल काही बोललाच असेल. देवीलाल नुसता गप्प राहिला. पुढच्या वर्षी त्या गप्पपणाचं गुरुजींनी वाक्य केलं होतं. चढत चढत कोस दोनाचे सात झाले. आणि याडीने काय केलं? दिवाळीला मेलेल्या माणसांच्या नावाने निखाऱ्यावर तूप-लापशी टाकतात, ती घरच्या पुरुषाने टाकायची असते. तिने सगळ्या तांड्यासमोर सांगितलं की माझ्या लेकाला याने शेवटचं उचललं, त्याच्या नावाचा घास हाच टाकील. साठ वर्षं त्याने तो घास टाकला. तुपाचा भडका उडायचा, सगळे हात जोडायचे, आणि देवीलाल दर वर्षी डोळे मिटायचा. डोळे उघडे ठेवले तर धुरापलीकडे एक वळण दिसायचं.

त्या वळणापाशी त्याचं मन खेचरासारखं अडायचं. खेचराला पुढून ओढलं की ते पाय रोवतं, हे त्याला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं; थांबायचं, बाजूला उभं राहायचं, ते आपल्या मनाने निघतं. फौजेत त्याला खेचरांवर घेतलं ते तो बंजारा म्हणूनच. भरती करणाऱ्याने विचारलं, जनावर लादता येतं का? देवीलालला हसू आलं होतं. त्याच्या पणजोबाने बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथे घातले होते. बाप शेतमजूर झाला होता तरी लदेणीच्या गोष्टी सांगताना त्याची पाठ सरळ व्हायची. गोणीत सोनं असो की भुसा, आपण पाहायचं नाही. दुसऱ्याचा माल एकदा जनावरावर चढला की मुक्कामाला पोचेपर्यंत त्याला माती लागू द्यायची नाही. ज्याच्या मालाला माती लागली त्याच्या तांड्याला परत कोणी माल देत नाही. बाप हे सांगायचा तेव्हा घरात लादायला एक शेळीसुद्धा नव्हती. पण पोराच्या हाडात ते उतरलं. पूनमसिंगच्याही उतरलं असणार, कारण तोही त्याच कंपनीत, खेचरांवरच. अठरा वर्षांचा, लांब हातांचा, कमी बोलणारा. सगळ्या कंपनीत बंजाऱ्यांची गोर बोली बोलणारे हे दोघेच. त्यामुळे दिवसभर कोणी काही बोललं नाही तरी संध्याकाळी एकमेकांशी दोन शब्द बोलायला मिळायचे, तेवढ्यावर नेफातली, चीनच्या सीमेवरची ती थंडी सोसवायची.

दिग्रसला गाडी बराच वेळ थांबली. एक बाई दोन लेकरं आणि भाजीची पाटी घेऊन चढली, देवीलालने मांडीवर एक लेकरू घेतलं. लेकरू खिडकीबाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचू लागलं आणि त्याला अपेक्षा आठवली, त्याची पणती. पाच वर्षांपूर्वी शाळा बंद होत्या, ती पहिलीत होती, मोबाइलवर बाई शिकवायच्या आणि तिला एकटीला बसवत नसे म्हणून पणजोबा शेजारी बसायचे. ती क लिहायची, तोही लिहायचा. तिचा क गोल यायचा, त्याचा मोडक्या छत्रीसारखा. पोरीने त्याला मारून-मुटकून, कान धरून, सत्त्याहत्तराव्या वर्षी वाचायला लावलं. घरच्यांना कौतुक. म्हाताऱ्याला आता पेपर वाचायचाय, म्हणाले. त्याला पेपर वाचायचा नव्हता. एका दुपारी त्याने तिच्या पाटीवर चार आकृत्या काढल्या. शेजारी शेजारी दोन डोंगर. मग तीन दात्यांची फणी. मग एक साप, आणि पुन्हा तोच साप. हे काय आहे, त्याने विचारलं. पोरीने पाटी फिरवून पाहिली आणि म्हणाली, ''मेस. इंग्लिशमधे मेस लिहिलंय, आबा. म्हणजे जेवायची खानावळ.'' आणि तिने आकृत्या पुसून टाकल्या, कारण तिला पाटी हवी होती. अठ्ठावन्न वर्षं सांभाळलेलं तिने फडक्याच्या एका फटक्यात पुसलं.

कारण वाचता येत नव्हतं, हे त्याचं स्वतःशी चाललेलं सगळ्यात जुनं बोलणं होतं. तांड्याला सांगितलेलं खोटं वेगळं. हे त्याचं खाजगी. वाचता आलं असतं तर तसं झालं नसतं. खोक्यांवर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलं होतं, मला कळलं नाही, मी काय करणार? हवालदाराने सांगितलं होतं, ही दोन खोकी खाली पोचली पाहिजेत. वरून फौज मागे सरत होती, रस्ता तुटलेला, वाट एका खेचराच्या रुंदीची, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. कापडी बुटांत बोटं बधिर झालेली. पूनमचं खेचर आदल्या दिवशी दरीत गेलं होतं, म्हणून तो देवीलालच्या खेचराशेजारी रिकाम्या हाताने चालत होता आणि मधूनच पुढे होऊन दगड बाजूला करत होता. त्याच्या मांडीत गोळी लागली तेव्हा तो ओरडलासुद्धा नाही, आपल्याच पायाकडे परक्यासारखं पाहत खाली बसला. लादलेल्या खेचरावर वरून माणूस बसवता येत नाही, कमरेत मोडतं. एकच खोकं काढलं तर खोगीर फिरून पोटाखाली येतं. म्हणजे दोन्ही खोकी टाकायची, मग पूनमला वर घ्यायचं. दोरीच्या दोन गाठी. देवीलालचा हात गाठीवर गेला होता. बोटांना ती गाठ अजून आठवत होती, ओली, कडक, बर्फ धरलेली. इथपर्यंत मन नेहमी यायचं. इथून पुढे ते पाय रोवायचं आणि देवीलाल बाजूला उभा राहायचा. आणि शिकवल्याप्रमाणे ते कधी आपल्या मनाने निघालं नव्हतं.

पुसदला उतरून त्याने ऑटो केली. तांड्यात शिरताना मारुतीच्या ओट्याजवळ नवा चौथरा दिसला, त्यावर दगड उभा केलेला, वर निळी ताडपत्री बांधलेली. सुखीबाई अंगणात सुपात तूर पाखडत होती. त्याला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं आणि दोन गोष्टी एकदम बोलायला लागली. एक, की असा न सांगता कसा आलास, पोराने गाडी पाठवली असती. दुसरी, की रवीने, म्हणजे तिच्या मुलाने, तिला रविवारसाठी नवं लुगडं आणलं आहे आणि त्याचा रंग तिला मुळीच पसंत नाही. मग ती पाणी घेऊन आली. भाकरी टाकते म्हणाली. देवीलाल म्हणाला, आधी बस. ती बसली, पण गुडघ्यावर हात ठेवून, लगेच उठणाऱ्या बाईसारखी. राखीच्या नात्याने म्हणाली, तब्येत तं बरी हाय ना, भिया?

त्याने सांगायला सुरुवात केली ती खोक्यांपासून. त्याला वाटलं होतं की आधी मुख्य गोष्ट सांगू, पण जीभ वाटेनेच चालायला लागली. थंडी, बूट, पूनमचं दरीत गेलेलं खेचर, मांडीतली गोळी. ती मान हलवत होती. एवढं तिला पाठ होतं. मग तो म्हणाला, मी त्याला पाठीवर घेतलं नाही. तिने मान हलवली, आणि मग हलवायची थांबवली. तो बोलत राहिला. दगड रचले नाहीत, माती दिली नाही. खोकी सोडली नाहीत. खाली छावणीत हवालदाराने ती उघडली तेव्हा गवतात गुंडाळलेल्या कपबशा निघाल्या, साहेब लोकांच्या खानावळीतल्या, निम्म्या फुटलेल्या, आणि हवालदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली की सगळ्यांनी सामान टाकलं, तू एकट्यानेच आणलंस. हे सांगून झाल्यावर त्याचं नेहमीचं वाक्य ओठांवर आलं, मले वाचता येत नव्हतं. ते त्याने उच्चारलं. आणि उच्चारल्याबरोबर त्याला कळलं की आता तेही चालणार नाही. ''खोटं हाय तेही,'' तो म्हणाला. ''वाचायची गरज नव्हती, सुखी. गोळ्यायचं खोकं जड ऱ्हाते, खेचराची चालच बदलते. माह्यं खेचर हलकं चालत होतं. अन् खोके वाजत होते. वरपासून वाजत होते. मले ठाऊक होतं त्याच्यात कामाचं काही नाही. पण माल होता. खाली टाकवलाच नाही.''

सुपातल्या तुरीवर एक चिमणी येऊन बसली, सुखीबाईने हाकलली नाही.

''जित्ता होता तवा?'' तिने विचारलं.

''जित्ता होता. दगडाले टेकवून बसवला.''

''परत गेलता?''

''नाही.''

''काहून?''

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मागून गोळीबार येत होता, वर जायला कोणाला सोडत नव्हते, खालच्या माणसांनी वाट अडवली होती. यातलं खोटं एकही नव्हतं. ''भेलो,'' तो म्हणाला. ''माल पोचवला, अन् मंग भेलो.''

ती आता रडेल, नाहीतर शिव्या देईल, असं त्याला वाटलं आणि दोन्हीपैकी काहीही झालं तर बरं, असंही वाटलं. पण सुखीबाई त्याच्याकडे अशी पाहत होती जशी बाजारात एखादी बाई तराजूकडे पाहते. पाठीवरचं खोटं सांगून टाकल्यापासून तिने त्याला एकदाही भिया म्हटलं नव्हतं.

''माय मरेपर्यंत तुह्येच बोल बोलत होती,'' ती म्हणाली. ''मीबी. नातवायले शिकवले. इतकी वर्सं तुह्ये बोल सांभाळले आमी. आता त्याचे दे. खरंखुरं काय म्हणला तो?''

मनाने पाय उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वळण ओलांडून आत गेलं आणि तिथे काहीच भयंकर नव्हतं. एक पोरगा दगडाला पाठ लावून बसला होता, दोन्ही हातांनी मांडी धरून. देवीलालने गाठीवरचा हात काढला होता आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला होता.

''मी त्याले म्हणलो,'' देवीलाल सांगू लागला, ''म्हणलो, खालच्या मुक्कामाले माल ठेवतो, अन् लगेच तुले न्यायले येतो. इथंच बसून राह्य. हलू नको.''

''अन् तो?''

''हौ म्हणला.''

''अन्?''

''अन् काही नाही. हौ म्हणला, अन् माह्याकडं पाह्यलं. येतो म्हणल्यावर येईन, असंच वाटलं त्याले.''

सुखीबाईने पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग ती बोलली, पण त्याच्याशी नाही, अंगणाशी बोलल्यासारखी. शेळ्या घेऊन जा म्हटलं की हौ. पाणी आण म्हटलं की हौ. बापाने विचारलं होतं, फौजेत जातो का, तेव्हाही मान खाली घालून हौ. भांडणात कोणी मारलं आणि आईने विचारलं, लागलं का, तरी हौ. तिला त्याचा आवाज आठवत नाही असं तिला कैक वर्षं वाटत होतं. शाळेत ते भाषण ऐकायची, सगळे टाळ्या वाजवायचे, तीही वाजवायची, आणि घरी येताना तिला वाटायचं, हा कोण? हा आपल्या घरातला नव्हे. पण आईला कसं विचारणार. ''हौ म्हणला,'' ती पुन्हा म्हणाली, आणि त्या एका अक्षराचा आवाज तिने असा काढला की देवीलालने मान वर केली. तोच आवाज होता. खालचा, जरा नाकातला, कोणाला त्रास नको म्हणून लवकर संपवलेला. नऊ वर्षांच्या पोरीने तो त्रेसष्ट वर्षं कुठेतरी ठेवला होता, आणि वर त्याने आपली भाषणं रचली होती.

त्याला वाटलं, आता उठावं. पण कोणी ऊठ म्हटलं नव्हतं आणि बस असंही म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं खरं बोललं की हलकं वाटेल असं तो ऐकत आला होता. हलकं वाटलं नाही. उलट पूनमसिंग आत्ता कुठे खराखुरा मेल्यासारखं वाटलं, आणि तोही इथे, या अंगणात, त्याच्या बहिणीसमोर. त्याने हात जोडले, मग ते जोडलेले हात त्याला नाटकी वाटले आणि त्याने सोडले.

सुखीबाईने आत जाऊन मोबाइल आणला, डोळ्यांपासून लांब धरून बटण दाबलं. रवी उचलल्या उचलल्या मंडपाबद्दल बोलायला लागला. त्याचा आवाज अंगणभर ऐकू येत होता. तिने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली की दगडावर मामाचं नाव राहू दे, गावाचं नाव राहू दे, त्याखालचं सगळं घासून टाक. रवी आधी हसला, मग चिडला. परवा कार्यक्रम आहे, पाहुणे येणार, तेच शब्द पत्रिकेत आहेत, यवतमाळात फ्लेक्स लागलेत. घासून टाक, ती म्हणाली. कोणी काही बोललं का तुला, त्याने विचारलं, कोण आलंय घरी?

फोन लावल्यापासून पहिल्यांदा सुखीबाईने देवीलालच्या तोंडाकडे पाहिलं. फोनमध्ये रवी आई, आई करत होता.

''कोणी काही बोललं नाही,'' ती म्हणाली. ''पण तो एवढं बोलत नव्हता.''